बातमीचा खुलासा

चौथी टाचणी उपसताना आनंदराज सरांच्या नखाखाली रक्त आलं. विद्यार्थ्यांच्या इंग्रजी पाक्षिकाचा अंक त्यांनी फलकावरून काढला आणि घडी करून बगलेत धरला. पाक्षिक सुरू केल्यापासूनच्या तेवीस वर्षांत त्यांना असं कधी करावं लागलं नव्हतं.

मागे मनतशा उभी होती. तृतीय वर्षाची, हदगावची. पहिल्या पानावरची बातमी तिचीच: वसतिगृहाच्या टाकीतल्या पाण्यानं अकरा मुलींना कावीळ.

"सर, बातमी चुकली का माझी?"

"नाही."

"मग?"

सर वाचनालयाकडे चालू लागले; ती मागोमाग गेली.

सकाळी प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. प्राचार्य सुदर्शन त्यांचाच विद्यार्थी, या पाक्षिकाचा पहिला संपादक. कँटीनच्या बातमीवरून त्याला कॉलेजातून काढायला निघाले होते, तेव्हा सर दिवसभर संस्थाचालकांच्या दारात बसून राहिले होते.

"सर, पोरीचा परीक्षेचा फॉर्म माझ्याकडं अडकून हाय. उद्या शेवटची तारीख. बातमी खोटी होती, एवढं लिहून दे म्हणावं तिला. अन् पाक्षिक आता बंद."

"ती खरी आहे. तुला ठाऊक आहे."

"हाव," सुदर्शन म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

वाचनालयात सरांनी कोरा कागद मनतशापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. तिनं बाहेर जाऊन घरी फोन केला. परत आली तेव्हा डोळे लाल होते.

"अब्बा म्हणले, लिहून दे. वर्ष नको घालवू."

ती इंग्रजीत लिहू लागली. दुसऱ्याच ओळीवर पेन थांबलं.

"बातमी खोटी आहे, असं कोण म्हणतंय, सर? नाव टाकावं लागतंय ना? तुम्हीच शिकवलं. मी तर अकराही जणींना भेटले, डॉक्टरच्या चिठ्ठ्या बघितल्या. माझ्या नावानं कसं लिहू?"

सरांनी चष्मा काढला. बाहेर तासाची घंटा झाली. व्हरांड्यातून पोरांचा लोंढा गेला, पुन्हा शांत झालं.

"लिही," ते म्हणाले. "आनंदराज सर म्हणतात."

मनतशानं त्यांच्याकडे बघितलं. मग मान खाली घालून तिनं लिहिलं आणि सवयीनं कागद तपासायला पुढे सरकवला.

सरांनी तो दोनदा वाचला. इंग्रजी बिनचूक होतं.