दोन खिडक्यांचे गज

आठवीपर्यंत मी हजेरी देतानासुद्धा पुटपुटायचे. मग नववीत वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिली आले आणि माझं तोंड जे सुटलं ते सुटलंच. सूत्रसंचालन? सलोनी. आभार? सलोनी. दोघींचं भांडण मिटवायचंय? सलोनी! माझी मैत्रीण सानिका म्हणायची, "तुझ्या हातातून माईक काढायला क्रेन मागवावी लागेल." हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं या तोंडानंच केलं.

दत्तूकाका बाबांचे चुलतभाऊ. आमच्या शेजारीच त्यांचं घर. मिरकरवाड्याच्या बंदरात पस्तीस वर्षं त्यांनी होड्यांवर नावं आणि नंबर रंगवले. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. झालं चांगलंच, पण बंदरात बातमी फिरली ती एवढीच की दत्तारामचे डोळे गेले. त्यानंतर कोणी त्यांना ब्रश घेऊन बोलावलं नाही. तेव्हापासून काका मागच्या पडवीत बसून रेल्वेचे डबे करतात.

खेळण्यातले नाही हं! खऱ्या डब्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. एक वीत आणि वर दोन बोटं, एवढीच लांबी. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद थरावर थर चिकटवून भिंती करायच्या, आपल्या दमट हवेत त्या फुगू नयेत म्हणून वर वॉर्निश मारायचं. खिडकीच्या काचा शर्टाच्या खोक्यावरच्या पारदर्शक प्लास्टिकच्या. आणि गज तंगुसाचे, म्हणजे गळाला बांधतात त्या नायलॉनच्या दोरीचे. एकेक तुकडा राखाडी रंगवून, चिमट्यात ताणून, पातळ फेविकॉलच्या टिपक्यावर बसवायचा. काका तेव्हा श्वाससुद्धा अर्धाच घेतात.

शहरात मुलांसाठी रेल्वेचं एक दालन होणार होतं. ते काम बघणारे मुळ्ये साहेब रेल्वेतले निवृत्त गार्ड. त्यांना बारा डबे हातानं करून देणारा माणूस हवा होता आणि आमच्या शाळेच्या हस्तकला प्रदर्शनाला तेच पाहुणे होते. मी बाईंच्या मागे लागून काकांसाठी एक टेबल मिळवलं. काका नको नको म्हणत होते, पण रात्रंदिवस एका निळ्या स्लीपर डब्याला चिकटून होते. एकदा मान वर न करताच म्हणाले, "हे काम मिळाला ना बाय, तर बंदरात सरळ तोंडानं जाईन."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी पडवीत गेले, तर काका नव्हते. लाल रंग संपला म्हणून रामआळीत गेले होते. डबा पाटावर ठेवलेला. मी त्याच्याकडे डोळे भरून बघितलं आणि मला दिसलं, की दोन बाजूंच्या दोन खिडक्यांना गजच नाहीत!

आता माझ्यासारख्या हुशार मुलीनं काय करावं? काका थकलेत, विसरले असणार. आपण करून टाकू, केवढे खूश होतील! तंगूस तिथेच होता, चिमटा होता. फेविकॉल सुकायला वेळ लावतो म्हणून मी घरून फेव्हिक्विक आणलं. पंधरा मिनिटांत गज उभे. एका काचेच्या कडेला थोडं पांढरट धुकं आल्यासारखं झालं, ते मी ओढणीनं पुसलं. गेलं नाही. मग ती बाजू आत करून डबा खोक्यात भरून ठेवला. काका संध्याकाळी आले तेव्हा म्हणाले, "भरलास पण? बरा झाला. लाल कडा उद्या तिकडेच मारीन."

कसली लाल कडा ते मी विचारलं नाही. मी माझं भाषण पाठ करत होते.

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च. मी टेबलाशी उभी राहून येईल त्याला सत्त्याऐंशीपट, तंगूस, लग्नपत्रिका असं धडाधड सांगत होते. काकांनी खोक्यातून डबा काढला, लाल रंगाची डबी उघडली, बारीक ब्रश बुडवला आणि थांबले. नेमके तेव्हाच मुळ्ये साहेब आले.

त्यांनी डबा तळहातावर घेतला. चाकं बघितली, दोन डबे जोडायची कडी बघितली. "वा!" म्हणाले. परत "वा!" म्हणाले. मग डबा फिरवला, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं.

"शिवलकर, इमर्जन्सी खिडकी कुठाय हो?"

मला ते त्याच क्षणी कळलं. अगदी त्याच क्षणी. लाल कडेची, गज नसलेली खिडकी! ठाण्याच्या मावशीकडे जाताना त्याच खिडकीसाठी मी दरवेळी भावाशी भांडते आणि खेडपर्यंत कोपर बाहेर काढून बसते. मला ती माहीत नव्हती असं मी म्हणूच शकत नाही.

आजूबाजूला पंधरावीस माणसं होती. बाई होत्या. सानिका होती. सगळे माझ्याकडे बघतायत असं मला वाटलं, आणि माझं तोंड उघडलं.

"सर, काकांचं गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना, त्यामुळे नजरेतून सुटलं असेल. पण या वयातसुद्धा त्यांची जिद्द बघा!"

एक टाळीसुद्धा वाजली कुठूनतरी.

काकांनी त्या खिडकीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. ब्रश फडक्याला पुसला.

"होय साहेब," ते म्हणाले. "राहिला."

"असू दे, असू दे. या वयात एवढं करता हेच पुष्कळ." मुळ्ये साहेबांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले.

घरी येताना रिक्षात काकांनी खोकं मांडीवर धरलं होतं. मला म्हणाले, "घसा सुकला असेल तुझा. सरबत घेऊया?" मी नको म्हटलं. रात्री सानिकाचा मेसेज आला: काय सांभाळून घेतलंस गं काकांना!! पुढे तीन टाळ्या. मी फोन उशीखाली घातला.

मला वाटलं होतं काका ओरडतील. ओरडले असते तर मीही काहीतरी बोलले असते. पण चौथ्या दिवशी काकांची बायको, गोदाकाकी, आमच्या दारात उभी. "चल गो, तुझ्या काकांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचाय. फॉर्म भरायला तू बरी. खिडकीच्या खिडकी दिसत नाही म्हणजे काय?"

आणि काका मुकाट चप्पल घालत होते!

दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून बसलेल्या आज्यांच्या रांगेत आम्ही तिघं. काकांना आत बोलावलं. दार उघडंच होतं. तिथल्या मुलीनं एक डोळा झाकून अक्षरं वाचायला लावली. काकांनी वरपासून वाचायला सुरुवात केली ती सगळ्यात खालच्या ओळीपर्यंत न अडखळता. दुसऱ्या डोळ्यानं तेच. मुलगी हसून म्हणाली, "आजोबा, खालची ओळ मलासुद्धा नाही दिसत."

गोदाकाकी दारातूनच ओरडली, "मग खिडकी कशी राहिली तुमच्यानं?"

"चुकतं माणूस," काका म्हणाले.

माझं खोटं सांभाळायला ते इथवर आले होते. त्या खुर्चीत बसून अक्षरं वाचत होते!

"राहिली नव्हती," मी म्हणाले. आवाज आठवीतल्यासारखा आला. "मी लावले गज. काका नसताना. मग सरांसमोर मी खोटं बोलले."

रांगेतल्या सगळ्या आज्या डोळे मिटलेले ठेवून माझ्याकडे वळल्या.

"तू?" गोदाकाकी म्हणाली. "आणि वर भाषण पण केलंस? शाब्बास गो बाय! शाब्बास!"

काका बाहेर आले, माझ्या शेजारी बसले. "मला ठाऊक होता. फेव्हिक्विकनं प्लास्टिक पांढरा पडतो. मी कधी वापरत नाही ता."

"मग बोलला का नाहीत?"

"एवढी माणसं ऐकत होती तुला. मागच्या वर्षी तू पाहुणे आले की मोरीत जाऊन बसायचीस." त्यांनी माझ्या हातातला फॉर्म घेऊन त्याची घडी केली. "गजांचा काय नाय गो. कापून काढले असते. पण तू डोळ्यांचा विषय काढलास. ता लागला."

मी रडले. गोदाकाकीनं मला रुमाल दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मुळ्ये साहेबांकडे जायचं ठरवलं. काका येईनात. "बोललीस तू. तूच जा."

साहेब अंगणात पेपर वाचत होते. मी वाटेत छान वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही बोलले नाही. गज मी लावले, काकांचे डोळे चांगले आहेत, मी घाबरून खोटं बोलले, एवढंच सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. "तू बोलतेस छान. त्या दिवशीही छान बोललीस. आता काकांना काम मिळावं म्हणून छान बोलत नाहीस कशावरून?"

तालुक्यात पहिली आलेली मी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी.

"रविवारी येतो," शेवटी ते म्हणाले. "माझ्यासमोर त्यांनी एक खिडकी करावी. मग बघू."

म्हणजे पस्तीस वर्षं नंबर रंगवलेल्या माणसानं आता परीक्षा द्यायची, माझ्यामुळे. हे काकांना सांगताना मी उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिले. त्यांनी ऐकून घेतलं.

"येऊ दे," म्हणाले. "तू मात्र घरी थांब."

रविवारी दहाला साहेबांची स्कूटर गल्लीत शिरली. मी खिडकीपाशीसुद्धा गेले नाही. गणिताची वही उघडून बसले आणि एकच उदाहरण चारदा चुकवलं. दीड वाजता स्कूटर गेली. दोनला गोदाकाकी आली ती माझ्याशी नाही, आईशी बोलायला. "सहा डबे दिलेनी. बाकीचे सहा आधीच पुण्यातल्या कोणाला सांगून झाले, ते मशीनवर करणार म्हणे. हिनं दोन दिवस आधी सांगितला असता तर बाराही इकडेच होते."

आई म्हणाली, "सहा तर सहा."

एरवी मी गल्लीभर नाचले असते. तेव्हा मी वहीत बघत राहिले. दोन दिवस आधी! मी तेव्हा काय करत होते ते मला तासातासानं आठवत होतं.

याला आता तीन आठवडे झाले. काका कालच बंदरात गेले होते, कोणाशी तरी तासभर गप्पा मारून आले, असं बाबा सांगत होते. सहापैकी पहिल्या डब्याच्या भिंती उभ्या राहिल्यात, हे मला कुंपणावरून दिसतं. काका भेटले की हसतात, "काय गो, शाळा काय म्हणते?" विचारतात. पण पडवीत ये, असं अजून म्हणालेले नाहीत, आणि मीही विचारलेलं नाही. शाळेतून येताना त्यांच्या दारासमोर सायकल हळू करते. मग पुढे जाते.