अस्मिताच्या आलेखातली चूक

विश्वाला वाढत्या वेगानं फैलावणारी डार्क एनर्जी कायम तेवढीच असते, हे आणखी काटेकोरपणे दाखवण्यात सांगलीच्या यामिनीनं शिकागोत सहा वर्षं घालवली. तिच्या थीसिसकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. आणि आता शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये जन्मलेली, तिच्याच संशोधन ग्रुपमध्ये येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली अस्मिता म्हणत होती, की ती एनर्जी काळाबरोबर कमी होतेय.

सोमवारच्या मीटिंगमध्ये तिनं आलेख दाखवला, तेव्हा प्रोफेसर खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले. यामिनीच्या आलेखासाठी ते कधी उठले नव्हते.

"यामिनी, हे तू तपास," ते म्हणाले.

"प्लीज, यामिनीताई! अजिबात सोडू नकोस हं मला," अस्मिता हसली.

यामिनी सोडणारच नव्हती. तिनं कोडची ओळन् ओळ पिंजून काढली. गुरुवारी दुपारी चूक सापडली. स्फोट झालेल्या ताऱ्यांचं तेज मोजताना मधल्या धुळीसाठीची दुरुस्ती अस्मितानं दोनदा लावली होती. यामिनीला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. तिनं चूक सुधारून प्रोग्रॅम पुन्हा चालवला.

अस्मिताची उतरती रेषा आता सपाट व्हायला हवी होती. ती आणखी खाली गेली. चुकीमुळे अस्मिताचा निष्कर्ष उलट झाकला गेला होता.

"सापडलं काही?" शुक्रवारी अस्मितानं विचारलं.

"बघतेय अजून."

सोमवारी अस्मिता पडलेल्या चेहऱ्यानं आली. "सर म्हणतात, सिग्नल फार वीक आहे. योगायोगही असेल. ड्रॉप करू का गं?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. यामिनीच्या जिभेवर ते आलंही होतं.

"थांब," ती म्हणाली आणि लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. "धूळ दोनदा काढलीयस तू. हे बघ, नीट केल्यावर काय होतं ते."

अस्मितानं तिला घट्ट मिठी मारली. यामिनीचे हात काही वर उठले नाहीत. "हे मला गुरुवारीच कळलं होतं," ती म्हणाली. अस्मितानं ते ऐकलं की नाही, कोण जाणे.

मे महिन्यात दोघींच्या नावानं शोधनिबंध छापून आला. सांगलीहून आईचा फोन आला, "तुझं नाव दुसरं का गं?"

"शोध तिचा आहे, आई," यामिनी म्हणाली.