राखण

काशिनाथने फडक्यातून खुबूस, म्हणजे तिथली अरबी रोटी, काढून कुंपणाच्या भिंतीवर ठेवला, उन्हाने वाळू नये म्हणून वर लाकडाचं फळकूट लावलं, आणि वळून पाहतो तर गल्लीच्या तोंडाशी लष्कराची जीप.

भिंतीला टेकून झहूर उभा होता. त्याच्या हातातली कापडी पिशवी खाली गळून पडली.

इराकी फौज शहरात घुसली तेव्हा ऑगस्टचं ऊन होतं, आता ऑक्टोबर लागला होता. फहाहीलच्या या गल्लीतली घरं एकेक करून रिकामी झाली. काशिनाथचा मालक बायकापोरांसह सौदीला गेला आणि बंगला आपल्या या सुताराच्या हवाली करून गेला. झहूर मूळचा रत्नागिरीकडचा, अब्बासियात किराणा दुकान चालवणारा. अम्मानला जाणाऱ्या शेवटच्या बसमध्ये त्याने स्वतःसाठी आणि काशिनाथसाठी जागा धरली होती. तो त्याला न्यायला आला होता, आणि हा बाबा भिंतीवर भाकरी ठेवत बसला होता.

अधिकारी खाली उतरला. त्याने फळकूट उचललं, खुबूस पाहिला.

"कुणासाठी?"

झहूरला अरबी येत होती. "हा मालकाचं घर सांभाळतो," तो एवढंच म्हणाला.

"मालकाचं सोडा," अधिकारी पलीकडच्या घराकडे बोट करून म्हणाला. "या घरात कोण लपलंय ते सांगा. नाहीतर तुमची बस तुमच्याशिवाय जाईल."

पलीकडचं घर वकिलाचं. बू याकूब म्हणत त्यांना. राज्यकर्त्यांना भर सभेत जाब विचारल्याबद्दल म्हाताऱ्याने तुरुंगाची हवा खाल्ली होती, तरी खोड मोडली नव्हती. फौज आली आणि तेच राज्यकर्ते रातोरात सीमेपार झाले, तेव्हा वकिलाने मुलीला धाडून दिलं आणि आपण काठी टेकत मागे राहिला. काशिनाथने मोडक्या हिंदीत विचारलं होतं, तुम्ही का नाही गेलात? म्हातारा हसला होता. "त्यांच्याशी माझं भांडण अर्धं राहिलंय. ते परत येतील तेव्हा भांडायला कुणीतरी इथं पाहिजे ना? आणि घरच्या भांडणात परक्याचं काय काम?"

त्यानंतर चार दिवस काशिनाथ झहूरकडे जाऊन राहिला. परत आला तर वकिलाच्या फाटकाला बाहेरून साखळी आणि कुलूप. धरून नेलं की काय, असं त्याला वाटलं. पण दुपारी, सगळं सामसूम झाल्यावर, भिंतीपलीकडून काठी वाजली. टक्, टक्, थोडं थांबून आणखी एक टक्. म्हातारा रोज वाजवायचा तशीच. बेरकी आहे, काशिनाथ मनात म्हणाला, बाहेरून कुलूप घालून आत बसलाय. एकदा त्याने दबक्या आवाजात "बाबा" अशी हाक मारली. उत्तर आलं नाही. तेही शहाणपणाचंच. तेव्हापासून तो आपल्यातला अर्धा खुबूस भिंतीवर ठेवी, आणि संध्याकाळपर्यंत तो गेलेला असे.

"झहूर," तो आता म्हणाला, "तेंका सांग, ही राखण आसा म्हणान."

झहूरने त्याच्याकडे पाहिलं. मग तो बोलू लागला, आणि कोकणातल्या माणसाला हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. आमच्याकडे प्रत्येक जागेला एक राखणदार असतो. दिसत नाही, पण हातात काठी घेऊन सीमेवरून फिरतो. त्याला भाकरी ठेवायची, विडी ठेवायची. राजे येतात, जातात. तो आपली सीम सोडत नाही. हा हिंदू आहे, याला परक्या मुलुखातही त्याशिवाय चैन पडत नाही.

अधिकारी हसला. तरी त्याने शिपायांना घरात धाडलं. कुलूप तोडल्याचा आवाज आला. काशिनाथची नजर जमिनीवरून हलेना. बऱ्याच वेळाने शिपाई बाहेर आले. त्यांच्यातला एक पोरगेलासा होता, तो अधिकाऱ्याला हळू आवाजात काहीतरी सांगून जीपमध्ये बसला.

"काय म्हणालो तो?" जीप गेल्यावर काशिनाथने विचारलं.

"आत कोणी नाही. सगळीकडे धूळ, नि धुळीत एक पाऊल नाही." झहूरने पिशवी उचलली. "देवानं वाचवलं. चल आता."

"म्हाताऱ्याक पाव कोण ठेवतलो?"

"काशिनाथ, ही शेवटची बस आहे. तिकडे तुझी चंपा दाराशी बसली असेल."

बायकोचं नाव ऐकून काशिनाथने पिशवी धरायला हात पुढे केला. गेल्या खेपेला निघताना तिने वळून पाहू नका म्हणून सांगितलं होतं, आणि त्याने पाहिलं होतं. तो काही बोलणार, एवढ्यात भिंतीपलीकडे काठी वाजली. टक्, टक्, थांबून टक्.

झहूरने ऐकलं असावं. तो एकटाच भराभर गल्लीबाहेर गेला.

हिवाळा आला. मग आकाशातून बाँब आले, आणि फौज पळाली ती तेलाच्या विहिरी पेटवून. भर दुपारी अंधार पडू लागला. सूर्य कधी दिसलाच तर काजळी धरलेल्या कंदिलासारखा. खुबूसवर काळे थेंब पडत. काशिनाथ ते पुसून भिंतीवर ठेवी. कधी मिळालाच नाही तर मूठभर भात. गल्लीतली मांजरं केव्हाच मेली होती. तरी संध्याकाळी भिंत मोकळी.

अशाच एका काळ्या दुपारी वकिलाची मुलगी आली. लैला. हातात कंदील आणि काखेत काठी. काशिनाथला इतका आनंद झाला की डोळ्यांतून पाणी आलं. सांगू लागला, बाबा सुखरूप आहेत, मी रोज...

लैला भिंतीपाशी खाली बसली.

"बाबांना ऑगस्टमध्येच नेलं," ती हिंदीत म्हणाली. "इराकी म्हणाले, आमच्या बाजूने रेडिओवर बोल. सगळ्यांना वाटलं, हा सरकारचा जुना वैरी, बोलेल. ते नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी गोळी घातली. इस्पितळातल्या नर्सने पुरलं, आणि त्यांची काठी तेव्हापासून जपून ठेवली. आज दिली मला."

काशिनाथने काठीकडे पाहिलं. मूठ तीच, झिजलेली. भिंतीवर ठेवायला काढलेला खुबूस त्याच्या हातातच राहिला. बस, चंपा, तो गेलेला हिवाळा, सगळं एकदम त्याच्या अंगावर आलं. मग मी कुणासाठी राहिलो, हे त्याने विचारलं नाही, पण लैलाने ते त्याच्या तोंडावर वाचलं.

"राज्यकर्ते परत येतायत," ती काठी मांडीवर आडवी घेत म्हणाली. "रस्ते धुतायत त्यांच्यासाठी. आता त्यांना जाब विचारायला कुणी उरलं नाही."

भिंतीपलीकडे काठी वाजली. टक्, टक्.

लैलाने मांडीवरची काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली. दोघेही हलले नाहीत.

थोडं थांबून आणखी एक टक्.

मग ती उठली, काशिनाथच्या हातातला खुबूस तिने घेतला, आपल्या ओढणीने त्याच्यावरची काजळी पुसली, आणि भिंतीवर ठेवला.