ससाण्याचे पंख

बसीमा गेल्याचं हिफनीला कळलं, तेव्हा तो एद्फूच्या ससाणा-देवाच्या देवळाबाहेर दोन परदेशी बायकांना बग्गीतून उतरवता उतरवता थापा मारत होता. मेहुणा गाद धावत आला. "दाजी, चला. ताई गेली." हिफनीने काय करावं? आधी तोंडातलं वाक्य पुरं केलं. "सोन्याचे पंख, मॅडम, असे दोन्हीकडे पसरलेले." मग लगाम उचलला. पुढे कित्येक दिवस ते वाक्य त्याच्या डोक्यातून जाईना. बायको गेली की माणूस रडतो, छाती बडवतो. याने पंख पसरून दाखवले.

बोटीवरच्या पाहुण्यांना देवळापाशी आणण्यात तीस वर्षं गेली, पण आत त्याने पाऊल टाकलं नव्हतं. ज्या बग्गीने आणलं तिनेच परत न्यायचं, अशी तिथली रीत. जागा सोडली की दुसरा आपले पाहुणे पळवणार. म्हणून देवळाचं वर्णन तो मनानेच रचायचा आणि घरी बसीमालाही तेच ऐकवायचा.

"एकदा मला दाखव ना," ती म्हणायची.

"पुढच्या हिवाळ्यात."

शेवटी तिने ऐकीव माहितीवरच बग्गीच्या टपाच्या झालरीवर ससाणा भरला. पिवळ्या रेशमाचे पसरलेले पंख आणि नखांत ससा. त्या दिवशी घरात सशाचं कालवण होतं, म्हणून हिफनीने ससा सांगितला होता.

बसीमाला जाऊन चाळीस दिवस व्हायच्या आदल्या दिवशी त्याने घोडी गादच्या हाती दिली आणि तो देवळाच्या दारापाशी गेला. पहारेकरी नूबी त्याला ओळखून होता.

"काय रे, वाट चुकलास? घोडी तिकडे आहे."

"आत जायचंय."

"तू? तू तर आतच जन्मल्यासारखा बोलतोस!"

"कुठे कुठे खोटं बोललो ते बघून येतो."

"मग जेवून तरी ये. वेळ लागेल."

अंगण ओलांडल्यावर समोरच ससाणा. करड्या दगडाचा, डोक्यावर उंच मुकुट, आणि पंख अंगाशी घट्ट मिटलेले. सोनं नाही, ससा नाही. जागा जाईल म्हणून न हलणारा एखादा बग्गीवालाच जणू. हिफनीला हसू फुटलं. फोटो काढणाऱ्या एका बाईने त्याला हाताने बाजूला व्हायला सांगितलं.

तो भिंतीच्या सावलीत बसला. उन्हाळ्यात बोटी येत नाहीत, बग्ग्या रिकाम्या उभ्या असतात. बसीमाला आणायला तीस उन्हाळे होते. जागा जाण्याचं नुसतं निमित्त. ती इथे उभी राहून विचारेल, "ससा कुठाय?" याचीच त्याला भीती होती. आणि तिने विचारलंच असतं, तेही सगळ्या गावासमोर, मोठ्याने.

बाहेर गाद वाट पाहत होता. "कसा आहे, दाजी?"

"पंख मिटलेत."

"मग झालर उसवायची?"

"हात तर लावून बघ!"

दुसऱ्या दिवशी, चाळिसाव्याला, बसीमाच्या कबरीपाशी वाटायच्या रोट्या हिफनीच्या बहिणीने भाजून ठेवल्या होत्या. दर गुरुवारी हिफनी तिथे जाऊन बसला होता. घोडीच्या नालाबद्दल बोलला होता, गादच्या घोरण्याबद्दल बोलला होता. ससाण्याचं खरं काय ते तिला सांगायचं राहिलं होतं.