कुंभार बायको

युनसे कोरियातल्या मोकपो शहरात, शाळेत व्याकरण शिकवायची. संग्रहालयात आईच्या रांजणाखालची पाटी वाचून तिचं डोकं तडकलं. पाटीवर तीनच शब्द होते: कुंभार, बायको आणि आईचं नाव, सुल्ले. कोरियन भाषेत दोन नामं नुसती शेजारी ठेवली तरी भागतं, पण मग ‘कुंभार असलेली बायको’ की ‘कुंभाराची बायको’ हे वाचणाऱ्यावर राहतं. आणि वाचणारे सगळे एकच अर्थ घेत होते. शेजारी उभी असलेली एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणालीसुद्धा, हिच्या नवऱ्याच्या हातात काय कसब असेल!

सुल्लेच्या नवऱ्याचा एक हात भट्टी कोसळली तेव्हाच गेला होता. युनसेचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तेव्हापासूनचा प्रत्येक रांजण सुल्लेने घडवला. बाईच्या हातचा रांजण कोणी घेणार नाही म्हणून शिक्का मात्र नवऱ्याचा बसायचा, आणि तो जिवंत असेपर्यंत घरात कोणी तोंड उघडायचं नाही, असा तिचाच दंडक होता.

आता वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरला भाऊ ग्युते त्यांच्याच नावावर भट्टी चालवत होता. त्याने फोनवर बहिणीला बजावलं, पाटीच्या नादी लागू नकोस, गिऱ्हाइकं बाबांच्या हाताचं नाव ऐकून येतात. युनसेने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आईला घेऊन संग्रहालय गाठलं.

तिथले अधिकारी भले गृहस्थ होते. त्यांनी पाटी दोनदा वाचली आणि म्हणाले, चुकीचं काही नाही, दोन्ही अर्थ निघतात.

“म्हणूनच ते चुकीचं आहे, साहेब,” युनसे म्हणाली. “‘कुंभार’च्या पुढे ‘इन’ घाला. म्हणजे ‘असलेली’. आपल्या लिपीत एकच अक्षर. मग दुसरा अर्थ निघणारच नाही.”

ते म्हणाले, घरच्यांचं एकमत हवं, मुलाने तर फोन करून विरोध कळवलाय. नाहीतर ‘बायको’ काढून नुसतं ‘कुंभार सुल्ले’ लिहू, म्हणजे वाद मिटला.

तेव्हा म्हातारी सुल्ले बोलली. “बायको काढायची नाही. माती मळायला तेच होते, एका हाताने. मी त्यांची बायको होते आणि कुंभारही होते. पोरगी म्हणते ते अक्षर घाला. रांजण माझा आहे, मुलाला काय विचारता?”

पाटी बदलली. ग्युते चुसॉकच्या, सुगीच्या सणाला बहिणीशी अवाक्षर बोलला नाही, आणि युनसेनेही माफी मागितली नाही. हिवाळा सरता सरता आईचा फोन आला. ग्युतेचे रांजण गळ्याखाली, खांद्यापाशी तडकत होते आणि तो सकाळपासून चाकापाशी तिच्या शेजारी बसून होता.

“शिकतोय का?” युनसेने विचारलं.

“मान वर करत नाही अजून,” आई म्हणाली. “पण हात बरोबर ठेवतोय.”