बाबा – १ नग

“चपला काढून उभे राहा काका, तीनशे ग्रॅम वाचतील,” वैमानिक म्हणाला.

“आणि विमानात अनवाणी बसू?” असं म्हणत वजनकाका चपलांसकट काट्यावर चढले. काटा बरोबर सत्तरवर थांबला. इतरांच्या वेळी ठोकत तसाच त्यांनी तो दोनदा ठोकून पाहिला आणि वहीत स्वतःची नोंद करून टाकली.

शहराबाहेरच्या मैदानावर पत्र्याची एक शेड होती. तिथून दर शनिवारी एक चिमुकलं विमान देणगीतल्या वह्या-पुस्तकं घेऊन डोंगरापलीकडच्या शाळांना जाई. चालवणारे सगळे हौशी, पदरमोड करून उडणारे. आजचा वैमानिक एरवी दातांचा डॉक्टर. बोलताना तो समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता दाढांकडे बघायचा. वजनकाकांनी गोदामात तीस वर्षं काटा सांभाळला होता. निवृत्तीनंतर तेच काम इथे फुकट करत होते, त्यामुळे जास्तच कडकपणे. पेन्सिली टोक करूनच पाठवा, तेवढंच हलकं, असं ते एकदा म्हणाले होते. गंमत म्हणून नव्हे.

पलीकडच्या एका शाळेत त्यांची मुलगी शिकवत होती. दरडीखाली रस्ता गेला त्याला तीन वर्षं झाली. शाळेत ती एकटीच बाई. तिने सुट्टी घेतली की शाळेलाच सुट्टी, म्हणून ती कधी येत नसे. परतीच्या विमानातून तिची मागणीची यादी तेवढी येई. वह्या, खडू, कंपासपेट्या, आणि सगळ्यांत शेवटी: ‘बाबा – १ नग’. वजनकाका दर वेळी त्या ओळीवर काट मारून शेजारी लिहीत: ‘वजनात बसत नाही. पुढच्या फेरीत.’

तीन महिन्यांपूर्वीच्या यादीत तिने त्या ओळीपुढे ‘जमल्यास’ असं लिहिलं. हा शब्द तिने आधी कधीच लिहिला नव्हता.

त्या दिवसापासून वजनकाकांनी रात्रीचं जेवण सोडलं. नऊ किलो उतरवले. “जेवताना माझ्याकडे असं काय बघता,” बायको म्हणायची, “मी काय जादा सामान आहे?” मागच्या फेरीत त्यांनी त्या ओळीपुढे ‘मंजूर’ लिहून पाठवलं, तेव्हा बायकोने लेकीसाठी विणलेला स्वेटर त्यांच्या हातात ठेवला. स्वेटर म्हणजे वेगळी नोंद. म्हणून आज काट्यावर चढण्याआधी त्यांनी तो अंगातच घातला.

विमान सकाळी सहाला निघायचं होतं. इंधनाची गाडी आली अकराला. पत्रा तापून कडकड वाजत होता आणि वजनकाका लोकरीच्या स्वेटरमध्ये, कमरेला पट्टा बांधून, पुढच्या आसनावर बसले होते.

“घाम गाळताय ते बरंय,” डॉक्टर म्हणाला, “अजून हलके व्हाल.” मग तो बाहेर जाऊन हवा बघून आला, आणि पहिल्यांदाच त्याने त्यांच्या दाढांकडे बघायचं टाळलं. “काका, हवा तापून विरळ झालीय. एवढ्या ओझ्याने हे उचलणार नाही. साठ-पासष्ट किलो उतरवावे लागतील.”

वजनकाकांनी मागे रचलेल्या खोक्यांकडे वळून पाहिलं.

“वह्यांचे खोके काढू की. पुढच्या शनिवारी जातील. कोणाला कळतंय?”

शेडच्या भिंतीवर वजनकाकांच्याच अक्षरात नियम लिहिला होता: ‘शेवटी चढलेलं आधी उतरेल. अपवाद नाही.’ गेल्या वर्षी याच नियमाने त्यांनी एका देणगीदाराचा अर्धपुतळा उतरवला होता. देणगीदार शेजारीच उभे होते.

“शेवटी काय चढलं?” वजनकाकांनी विचारलं.

“काका, राहू द्या ना.”

“काय चढलं?”

“तुम्ही.”

त्यांना उतरायला वेळ लागला. पट्टा कसा सोडतात ते त्यांना माहीत नव्हतं. खाली आल्यावर त्यांनी स्वेटर काढला, नीट घडी घातली, काट्यावर ठेवला. चारशे ग्रॅम. वहीत लिहिलं. “हा बसतो,” म्हणाले, आणि तो आसनावर ठेवून त्याला पट्टा बांधला.

संध्याकाळी विमान परत आलं.

“मैदानाच्या कडेला खुर्ची मांडली होती,” डॉक्टर म्हणाला. “मला वाटलं माझ्यासाठी. बसायला गेलो तर तुमची मुलगी म्हणाली, ‘अहो, ती बाबांची.’ मी उभ्यानेच चहा घेतला.”

“दात कसे आहेत तिचे?”

“हसली नाही काका. त्यामुळे दिसले नाहीत.”

त्याने पोचपावती दिली. वह्या – ४०० – मिळाल्या. खडू – २० पेट्या – मिळाले. स्वेटर – १ – मिळाला, ओला होता. सगळ्यांत खाली, तिच्या त्या गोल अक्षरात: बाबा – १ नग – कमी आले.

डॉक्टर गेल्यावर वजनकाकांनी वहीचं नवं पान काढलं. वर पुढच्या शनिवारची तारीख घातली, आणि अजून एकही खोका आलेला नसताना पहिल्या ओळीत लिहिलं: ‘बाबा – १ नग’. वजनाचा रकाना रिकामा राहिला, म्हणून ते चपलांसकट काट्यावर चढले. काटा दोनदा ठोकून पाहिला.

एकोणसत्तर किलो सहाशे.

चारशे ग्रॅम पोहोचले होते.