झोळीखालचा दगड

बसव्वानं नारळ दगडावर आपटला, आणि नारळ फुटायच्या आधी दगडाचाच कोपरा उडाला.

काल भर दुपारी आभाळ गडगडलं आणि छपराचा पत्रा फोडून हा दगड घरात आला होता. तान्ह्या नातीची, दानेश्वरीची, झोळी आरपार फाडून खाली जमिनीत रुतला. पाजायला म्हणून सुनेनं पोरीला नुकतंच उचललं होतं. देव कोपलाय, त्याला शांत करा, असं अख्ख्या कुंभारी गावानं सांगितलं. म्हणून बसव्वानं त्याला आंघोळ घातली, विभूती लावली. आणि आता तोच देव तिच्या हातून फुटला होता. काळ्या सालीखाली राखाडी अंग दिसत होतं. तिनं पदराचं टोक तिथं दाबून धरलं, रक्त थांबवायला धरतात तसं.

"यव्वा, विद्यापीठातनं मॅडम आल्यात," तिचा मुलगा शिवपुत्र दारातून म्हणाला. "दगड बघायचा म्हंत्यात."

वैजयंती मॅडम दगडापाशी उकिडव्या बसल्या.

"पाण्यानं धुतलाय का हा?"

"आंगूळ घातली की. देवाला पारोसा ठिवायचा व्हय?"

मॅडमनी हसू दाबलं आणि दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक दगडाजवळ नेलं. ते तिरपं होऊन दगडाकडे ओढलं गेलं. बसव्वा मागे सरली.

"बगा, वढतोय. पोरीलाबी असाच वढणार ह्यो."

"आत लोखंडाचे कण आहेत, आजी. म्हणून." त्यांनी फुटलेल्या कोपऱ्यावर भिंग धरलं. "हा टवका उडाला ते बरंच झालं, आतले गोल दाणे दिसले. दगडी उल्का आहे. नक्की काय ते प्रयोगशाळेत ठरेल, पण वाटतोय तरी साधाच प्रकार. सगळ्यात जास्त हाच सापडतो."

"साधा?"

"अगदी साधा. असे दगड वरून पडतच असतात. कधी समुद्रात, कधी रानात."

शिवपुत्र मोठ्यानं हसला. "ऐकलंस न्हवं, यव्वा? उगंच कालधरनं पोरीला झोळीत ठिवू दीना झालीस."

सुनेनंही सुस्कारा सोडला. पोरीला घेऊन ती पलीकडे गेली, आधीच्या झोळीच्याच कडीला दुसरं लुगडं बांधलं आणि तिला त्यात निजवलं.

बसव्वा मात्र हलली नाही.

"मंजी, कुणी टाकला न्हाय ह्यो?"

"नाही."

"पोरीवर कुणाचा राग न्हाय?"

"नाही हो, आजी. कुणाचाच नाही."

बसव्वा बराच वेळ विभूतीनं माखलेली बोटं लुगड्याला पुसत राहिली.

"राग असता तर पाया पडले असते," ती हळूच म्हणाली. "आता कुणाला सांगू, परत टाकू नगंस म्हणून?"

मॅडमनी दगड कागदात गुंडाळला, पिशवीत ठेवला आणि उंबऱ्यापर्यंत गेल्या. तिथून वळून पाहिलं. पत्र्याच्या भोकातून उन्हाचा कवडसा थेट झोळीत पडला होता, झोपलेल्या पोरीच्या कपाळावर.

मॅडमनी एकदा वर पाहिलं. मग परत आत आल्या, झोळी हातानं हळूच बाजूला ओढली, आणि तशीच धरून उभ्या राहिल्या.